म्हशीचा हिशोब डुकराला लावू नका

पत्र, थोडक्यात: आजरा तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरी यॉर्कशायर संकरित जातीच्या चार माद्या आणि २५ ते ५० किलोंची २२ वाढती डुकरं आहेत. मका महागल्यावर त्यांनी जवळच्या भातगिरणीतलं राईस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) वाढवलं. आता १०० किलो खाद्यात मक्याचा भरडा ३०, पॉलिश ४२, सोया पेंड १८, गव्हाचा भुसा (दळताना निघणारं साल) ६, 'कॅल्शियम पावडर' साडेतीन आणि मीठ अर्धा किलो असतं. खनिज मिश्रण परवडेना म्हणून दोन महिन्यांपूर्वी बंद केलं. खाद्य कोरडंच घालतात. गेल्या पाच-सहा आठवड्यांत आठ-नऊ डुकरांच्या पायांवर आणि पोटाखाली जाड खपल्या धरल्यात, तीन डुकरं मागच्या पायांनी आखडून चालतात, वाढ अडली आहे. दुकानदार म्हणतो, "कॅल्शियम पाच किलो करा." दीर म्हणतात, "ही खरूज आहे, इंजेक्शन देऊ आणि पॉलिश कायमचं बंद करू." सासरे म्हणतात, "म्हशी वर्षानुवर्षं हाच कोंडा खातात, त्यांना कधी काय झालं?" ताई विचारतात: कोणाचं ऐकू, आणि कॅल्शियम कोणत्या कंपनीचं चांगलं?

ताई,

दुकानदाराचं अजिबात ऐकू नका. कंपनीचा प्रश्नही बाजूला ठेवा. उद्या सकाळी खाद्य कालवाल तेव्हा ती पांढरी पावडर साडेतीन किलोंवरून एक किलोवर आणा. बाकीचं सगळं सावकाश करू, एवढं मात्र लगेच.

तुम्हाला खरं उत्तर सासऱ्यांच्या प्रश्नात सापडेल. ते म्हणतात ते खोटं नाही. म्हशीला कोंडा पचतो, आणि त्याचं कारण तिच्या पोटात आहे. भात, मका, सोयाबीन, गहू, कोणतंही धान्य घ्या, त्यातल्या फॉस्फरसचा (शेतीत आपण ज्याला स्फुरद म्हणतो तो) साधारण ६० ते ८० टक्के भाग फायटेट नावाच्या रूपात बांधलेला असतो. बियाणं उगवताना लागेल म्हणून झाडानं केलेली ती साठवण. म्हशीच्या पहिल्या पोटात, कोठ्यात, अब्जावधी जिवाणू असतात. ते हे फायटेट फोडणारं विकर (एन्झाइम) तयार करतात. त्या विकराचं नाव फायटेज. डुकराचं पोट आपल्यासारखं एकच. त्याच्याकडे हे विकर नसल्यात जमा असतं. त्यामुळे फायटेट आलं तसं शेणातून बाहेर पडतं, आणि एकटं पडत नाही. वाटेत झिंक, लोह, कॅल्शियम यांना धरून घेऊन जातं.

कोल्हापूर जिल्ह्यात जनावरांच्या खाद्याबद्दल जे काही ऐकायला मिळतं ते बहुतेक दुधाच्या धंद्यातून आलेलं असतं. दुकानदारही म्हशीच्या सवयीनंच बोलतो. दुभत्या म्हशीला रोज दुधातून कॅल्शियम जातं, तिला ते भरून द्यावं लागतं. ३५ किलोंच्या डुकराचं गणितच वेगळं.

आता तुमचं खाद्य मोजू. आकडे पिकानुसार आणि गिरणीनुसार थोडे हलतात, पण अंदाज पक्का आहे. राईस पॉलिशमध्ये एकूण फॉस्फरस दीड टक्क्याच्या पुढेमागे असतो, म्हणजे मक्याच्या जवळजवळ सहापट. पोत्यावर किंवा प्रयोगशाळेच्या कागदावर तो छान दिसतो. पण डुकराला त्यातला जेमतेम पाव हिस्सा पचतो. मक्यातला एक तृतीयांश, सोया पेंडीतला निम्म्याच्या आसपास, गव्हाच्या भुशातला निम्म्याहून थोडा जास्त पचतो, कारण गव्हात स्वतःचं फायटेज असतं. तुमच्या खाद्यात कागदावर एकूण फॉस्फरस ०.९ टक्के भरतो. २५ ते ५० किलोंच्या डुकराला एकूण ०.५६ टक्के पुरतो, म्हणजे तुमच्याकडे भरपूर दिसतो. पचणारा मोजला तर तो ०.२८ वर येतो, आणि गरज आहे ०.३१ ची. तुटवडा छोटा आहे. हाडं कमजोर होऊन डुकरं आखडून चालावीत इतका तो एरवी झाला नसता. तो वाढवला आहे कॅल्शियमनं.

तुम्ही लिहिलेली पावडर बहुधा चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्साइट असावी. खात्री घरीच करता येते. चमचाभर पावडर बशीत घ्या आणि वर लिंबू पिळा. फसफसून फेस आला तर ती चुनखडी. डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट असेल तर फेस येत नाही, आला तरी नावाला. चुनखडीत ३७-३८ टक्के कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस शून्य. साडेतीन किलो घातलीत की खाद्यात एकूण कॅल्शियम १.४ टक्क्यांवर जातं. गरज ०.६६ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त तुम्ही आजच देताय, आणि दुकानदार ते आणखी वाढवायला सांगतो आहे.

"जास्त झालं तर शेणातून जाईल, बिघडलं काय?" असं कोणी म्हणेल. बिघडतं ते असं. जादा कॅल्शियम आतड्यात फायटेटला चिकटतं आणि न विरघळणारा गोळा तयार होतो. आधीच बांधलेला फॉस्फरस आणखी घट्ट बसतो. झिंक तर त्या गोळ्यात असं अडकतं की डुकराच्या हाती काही लागत नाही. शिवाय चुनखडी पोटातलं आम्ल मारते (आपण पित्त झालं की घेतो त्यातल्या काही गोळ्यांत हीच वस्तू असते), आणि लहान डुकराला प्रथिनं पचवायला ते आम्लच लागतं. पॉलिशमधल्या तेलाचा काही भाग कॅल्शियमशी मिळून साबणासारखा होतो आणि वाया जातो. आणि या सगळ्यावर, शंभर किलोंत अडीच किलो दगडाची पूड तुम्ही खाद्याच्या जागी खायला घालताय, तो तोटा वेगळाच.

तुमच्या खाद्यात खनिज मिश्रण नसल्यानं झिंक फक्त धान्यातून येतं, किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास. हवं ६०. जे ४० आहे तेही फायटेटनं धरलेलं. पायांवर आणि पोटाखाली जाड खपल्या, मंदावलेली वाढ, कोरडं खाद्य, भरपूर कॅल्शियम, खूप कोंडा. हे सगळं एकत्र आलं की पहिला संशय झिंकच्या कमतरतेवर जायला हवा. या त्वचारोगाला पॅराकेरॅटोसिस म्हणतात. १९५५ मध्ये टकर आणि सॅल्मन या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं की हा रोग झिंकच्या कमतरतेचा आहे आणि जादा कॅल्शियमनं तो चिघळतो. तेव्हाही झिंक दिल्यावर डुकरं बरी झाली.

तरी दिरांचं म्हणणं तपासल्याशिवाय मोडीत काढू नका. खरूज असेल तर डुक्कर थांबत नाही. भिंतीला, खांबाला, दुसऱ्या डुकराला अंग घासत राहतं, कातडी लाल होते, आणि सुरुवात बहुतेकदा कानाच्या आतून होते. झिंकच्या खपल्यांना खाज नसते किंवा अगदी थोडी असते. त्या दोन्ही बाजूंना सारख्या दिसतात: डाव्या मांडीवर जिथे, तिथेच उजव्या मांडीवर. एक सोपी चाचणी करा. कानाच्या आतली खपली बोथट चमच्यानं खरवडून काळ्या कागदावर घ्या. कागद अर्धा तास कोवळ्या उन्हात ठेवा, मग हलक्या हातानं कचरा झटकून टाका. खरजेचे किडे असतील तर ते कागदाला चिकटून राहतात. भिंगातून पांढरे ठिपके हळूहळू सरकताना दिसतात. दिसले तर पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं आयव्हरमेक्टिन द्या. १ टक्का तीव्रतेचं असेल तर ३३ किलो वजनाला १ मिली, कातडीखाली, आणि १४ दिवसांनी पुन्हा. एकाच डुकराला देऊन उपयोग नाही, माद्यांसकट सगळ्या कळपाला द्यावं लागतं. बाटलीवर डुक्कर कापण्याआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढे दिवस व्यापाऱ्याला माल देऊ नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

पॉलिश कायमचं बंद करायचं का? नाही. गिरणी जवळ आहे, माल स्वस्त आहे, त्यात ऊर्जा चांगली आहे. ४२ किलो जास्त आहे, एवढंच. वाढत्या डुकरांना १५ ते २० किलोंपर्यंत ठेवा. ५० किलोंच्या वरच्यांना २५ चालेल, पण विक्रीआधीचा शेवटचा महिना पुन्हा कमी करा, नाहीतर पॉलिशच्या तेलानं चरबी मऊ, लिबलिबीत पडते आणि व्यापारी भाव पाडतो. तुमच्या २५ ते ५० किलोंच्या डुकरांसाठी १०० किलो खाद्य असं कालवा: मक्याचा भरडा ५२ किलो, राईस पॉलिश १८, सोया पेंड २०, गव्हाचा भुसा ७, कॅल्साइट १ किलो, डीसीपी ९०० ग्रॅम, डुकरांसाठीचं जीवनसत्त्व-खनिज प्रीमिक्स ५०० ग्रॅम, मीठ ४०० ग्रॅम, लायसिन (प्रथिनांचा एक घटक) २०० ग्रॅम. यात प्रथिनं साडेसोळा टक्क्यांच्या वर राहतात, कॅल्शियम ०.६७ आणि पचणारा फॉस्फरस ०.३५ टक्के. कॅल्शियम आणि पचणारा फॉस्फरस यांचं प्रमाण दोनास एकच्या आसपास ठेवायचं, हे एक सूत्र पाठ असू द्या. घटक बदलले तरी ते बदलत नाही. प्रीमिक्सच्या पोत्यावर वेगळं प्रमाण छापलं असेल तर ते पाळा, आणि त्यात कॅल्शियम आधीच भरपूर असेल तर तेवढं कॅल्साइट कमी करा. मीठही बेतानंच: हॉटेलचं खरकटं घालत असाल तर वेगळं मीठ बंद, आणि खरकटं तासभर उकळल्याशिवाय घालायचंच नाही. २०२० पासून आपल्या देशात आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा रोग आहे, तो अशा खरकट्यातूनही पसरतो आणि त्यावर औषध नाही.

मका एवढा परवडणार नाही, असं तुम्ही म्हणाल. मग ५२ मधले दहा किलो कमी करून त्या जागी इथेनॉल कारखान्यातून येणारं डीडीजीएस (धान्य आंबवून उरलेला वाळवलेला चोथा) घालता येतं. आंबवण्याच्या क्रियेत त्यातलं फायटेट बरंच फुटलेलं असतं, म्हणून त्याचा फॉस्फरस डुकराला मक्यापेक्षा चांगला पचतो. पण मक्यात बुरशीचं विष असेल तर डीडीजीएसमध्ये ते साधारण तिप्पट होतं. गंध घ्या, गाठी फोडून पाहा, जुना माल घेऊ नका. घरचं कच्चं सोयाबीन दळून घालायचा मोह मात्र आवरा. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचवणारं विकर अडवतो. तेल काढून भाजलेली पेंडच घ्या.

खपल्या असलेल्यांना लवकर बरं करायला महिनाभर जादा झिंक द्या. पशुखाद्यासाठीचं झिंक सल्फेट मोनोहायड्रेट, ज्यात झिंक ३५ टक्के असतं, ते १०० किलो खाद्यात ३० ग्रॅम. हेप्टाहायड्रेट (झिंक २१ टक्के) मिळालं तर ४८ ग्रॅम. उसाला टाकायला आणलेलं झिंक सल्फेट कोठीत असेल, ते वापरू नका. खतासाठीच्या मालात शिसं आणि कॅडमियम किती आहे ते कोणी डुकराच्या हिशोबानं पाहिलेलं नसतं. आणि ३० ग्रॅमचे १०० ग्रॅमही करू नका, जादा झिंक तांब्याला अडवतं. ३० ग्रॅम थेट शंभर किलोंच्या ढिगावर भुरभुरून फावडं मारलं तर एका डुकराला सगळं, दुसऱ्याला काहीच नाही असं होतं. आधी एक किलो भरड्यात हातानं चोळून मिसळा, तो किलो दहा किलोंत, ते दहा किलो सगळ्या ढिगात. लायसिन आणि प्रीमिक्सही असंच.

फायटेज बाजारात मिळतं, आणि मोठ्या फार्मवर आता ते सर्रास वापरतात. किलो खाद्याला ५०० एकक दिली की धान्यात अडकलेल्या फॉस्फरसपैकी साधारण ०.१ टक्का सुटा होतो. म्हणजे तुमचं डीसीपी निम्म्याहून खाली येतं. पण हिशोब बघा. ग्रॅमला ५,००० एकक असलेलं फायटेज १०० किलोंत फक्त १० ग्रॅम लागतं. तुमची बावीस डुकरं दिवसाला ३७ किलोंच्या आसपास खातात, त्यामुळे एक किलोचा डबा नऊ महिने पुरेल. तोवर आजऱ्याच्या पावसात तो ओल धरून निकामी होईल. शेजारच्या दोन-तीन पाळणाऱ्यांनी मिळून डबा घ्या, किंवा फायटेज आधीच मिसळलेलं प्रीमिक्स मागा. चुनखडी साडेतीन किलोच ठेवून फायटेज घातलं तर पैसे गेले. जादा कॅल्शियमपुढे ते चालत नाही. शिजवलेल्या गरम खाद्यातही घालू नका, उष्णतेनं मरतं.

बिनखर्चाचा एक उपाय: खाद्य भिजवून घाला. भुसा, पॉलिश, भरडा आणि पेंड किलोला दोन ते अडीच लिटर पाण्यात कालवून ठेवा, थंडीत रात्रभर, उन्हाळ्यात चार-पाच तास. गव्हाच्या भुशातलं फायटेज ओलाव्यात जागं होतं आणि शेजारच्या पॉलिशवरही थोडं काम करतं. कॅल्साइट मात्र भिजवताना घालू नका, गव्हाणीत टाकायच्या वेळी मिसळा. हलका आंबूस वास आला तर चालेल. बुरशीचा किंवा दारूसारखा वास आला तर फेकून द्या आणि पिंप चुन्यानं धुवा. भुसा उकळला तर त्याचं विकर गेलं, म्हणून काहीलभर खाद्य शिजवायची पद्धत असेल तर भुसा उतरवून थंड झाल्यावर घाला.

पॉलिश घेताना दोन गोष्टी पाहा. मूठभर ग्लासभर पाण्यात ढवळून थांबा. वर तुसं तरंगली, भरपूर, तर गिरणीवाल्यानं कोंड्यात भुसकट मिसळलं आहे. ते डुकराला पचत नाही आणि पोट खरवडतं. दुसरं म्हणजे वास. गिरणीतून बाहेर पडल्या क्षणापासून पॉलिशमधलं तेल खवट व्हायला लागतं. आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच आणा. जुलै-ऑगस्टमध्ये तर त्याहून कमी, आणि पोती भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर.

आखडलेल्या तिघांना वेगळं करा, खाली पिंजर घाला, गुळगुळीत फरशीवर ठेवू नका. आधी ताप पाहा. डुकराचं तापमान १०२ ते १०३.५ फॅरेनहाइट असतं. १०४ च्या वर असेल, सांधे सुजले असतील किंवा अंगावर लाल चौकोनी चट्टे असतील तर ते खनिजांचं प्रकरण नाही, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. ताप नसेल तर नव्या खाद्यानं फरक पडेल, पण वाकलेलं हाड पूर्ण सरळ होत नाही, हे मनाशी ठेवा. पावसाळ्यात शेड ताडपत्रीनं बंद असते, ऊन मिळत नाही. त्यासाठी प्रीमिक्समध्ये डी३ जीवनसत्त्व आहे ना ते बघून घ्या. बोअरच्या पाण्यातल्या क्षाराला लोक उगाच दोष देतात. लिटरला २०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं कडक पाणी प्यायलं तरी खाद्यात ०.०५ टक्क्यांइतकीच भर पडते.

माद्यांना हे खाद्य जसंच्या तसं नको. दूध पाजणाऱ्या मादीला कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त लागतात, आणि पिल्लं तोडताना मागचे पाय गेलेली मादी बहुधा दोन्ही कमी पडल्यानं बसते. त्यांचं वेगळं कालवा, डीसीपी दीड किलो ठेवा, कॅल्साइट एक किलोच.

जुनं खाद्य एकदम तोडू नका. चुनखडी सोडून बाकी बदल आठवड्याभरात करा. खपल्या दोन ते तीन आठवड्यांत सैल पडून गळायला लागतात. तीन आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर त्वचेचा नमुना पशुवैद्यकाकडे द्या. वाढ डोळ्यांनी कळत नाही, टेपनं मोजा: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधोमधपासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३. घेर ०.८० आणि लांबी ०.८५ असेल तर ३८ किलोंच्या आसपास. सहा डुकरांवर खूण करून दर पंधरा दिवसांनी त्यांचंच मोजा.

पांढऱ्या पावडरीचं उरलेलं पोतं फेकू नका. आतापर्यंत दिवसाला सव्वा किलोहून जास्त जायची, आता पावणेचारशे ग्रॅम लागेल. त्यातलं मापटं काढून घ्या आणि कालवताना हात थेट पोत्यात जाणार नाही असं करा.